मण्यांचा व्यास नॉर्मल येत नाही: ॲनोव्हा सोडून क्रुस्कल-वॉलिस लावू का?

द्राक्ष_निफाड:
थॉम्पसन सीडलेस द्राक्षांच्या बागेत जिब्रेलिक ॲसिडच्या (मणी फुगवणारं संप्रेरक) तीन मात्रा आणि नुसत्या पाण्याची फवारणी, अशा चार ट्रीटमेंट आहेत. ब्लॉक (चारही ट्रीटमेंट एकेकदा असलेला बागेचा भाग) पाच, म्हणजे प्लॉट 20. प्रत्येक प्लॉटमधल्या 5 झाडांचे दहा-दहा मणी व्हर्नियरने मोजले, एकूण 1000 आकडे. सगळ्यांवर मिळून शापिरो-विल्क चाचणी (आकडे नॉर्मल आहेत का ते बघणारी) केली तर पी 0.001 पेक्षाही कमी, म्हणजे आकडे नॉर्मल (घंटेच्या आकाराचे) नाहीत. मग ॲनोव्हा (गटांच्या सरासऱ्यांची तुलना) सोडून क्रमांकांवर चालणारी, नॉर्मलची अट नसलेली क्रुस्कल-वॉलिस लावू का? शिवाय भुरी (बुरशीचा रोग) लागलेल्या घडांची टक्केवारी आहे (प्लॉटमागे 20 घड). तिचं काय करायचं?

संख्या_गंगापूररोड:
आधी 1000 हा आकडा डोक्यातून काढा. फवारणी प्लॉटला झाली, मण्याला नाही. एकाच झाडाचे मणी एकमेकांसारखेच असणार. 1000 आकडे सुटे धरलेत तर एररचे डिग्रीज ऑफ फ्रीडम (हाती असलेल्या सुट्या माहितीचं माप) 996 दिसतील, खरे आहेत (ट्रीटमेंट वजा 1) × (ब्लॉक वजा 1), म्हणजे 3 × 4 = 12. मग किरकोळ फरकही सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग नसलेला) दिसायला लागतो. नॉर्मल नसण्यापेक्षा ही चूक कितीतरी महाग पडते, आणि क्रुस्कल-वॉलिस लावून ती सुटत नाही. तीही आकडे सुटेच धरते, वर ब्लॉक विसरते.

प्लॉटमागे 50 मण्यांची सरासरी काढा. त्या 20 आकड्यांवर ट्रीटमेंट अधिक ब्लॉक असा ॲनोव्हा करा. झाडाझाडांतला फरकही हवा असेल तर प्लॉट आणि झाड असे दोन्ही स्तर धरणारं मिक्स्ड मॉडेल.

नॉर्मल असायला हवेत ते रेसिड्युअल (मॉडेलच्या अंदाजापासून आकडा किती दूर पडला ते), मूळ आकडे नव्हेत. पाणी मारलेले मणी बारीक आणि जास्त मात्रेचे मोठे, असे चार ढीग एकत्र केले की वितरण वेडंवाकडं दिसणारच. तो तर तुमच्या ट्रीटमेंटचा परिणाम आहे. त्यात 1000 आकड्यांवर शापिरो-विल्क बारीकसारीक विचलनालाही नापास करते. उलट 20 वर ती बरंच काही पकडत नाही. म्हणून क्यू-क्यू प्लॉट (आकडे नॉर्मल असतील तर ठिपके सरळ रेषेत येतात असा आलेख) डोळ्यांनी बघा.

ओझर_स्टॅट:
वरच्याशी सहमत. रेसिड्युअल विरुद्ध फिटेड (मॉडेलचा अंदाज) हा आलेखही काढा. उजवीकडे ठिपके नरसाळ्यासारखे पसरत असतील तर लॉग घेऊन पुन्हा बघा. प्रत्येक ब्लॉकमध्ये ट्रीटमेंटचा एकच प्लॉट आहे, त्यामुळे इथे लेव्हीनच्या चाचणीवर (गटांतला पसारा सारखा आहे का ते बघणारी) भिस्त ठेवू नका. रँकवरच जायचं असेल तर ब्लॉक सांभाळणारी फ्रीडमन चाचणी घ्या. ॲनोव्हानंतर फक्त पाण्याशी तुलना हवी असेल तर डनेट चाचणी, सगळ्या जोड्या हव्या असतील तर टुकी चाचणी.

भुरीसाठी टक्केवारी काढूच नका. '20 पैकी 7' असंच ठेवून लॉजिस्टिक मॉडेल (हो-नाही अशा मोजणीसाठीचं) लावा, ब्लॉकसकट. भुरी शेजारच्या घडावर पसरते, म्हणून आकडे मॉडेलच्या अपेक्षेपेक्षा जास्त पसरलेत का ते बघायला पिअर्सन काय-वर्ग भागिले डिग्रीज ऑफ फ्रीडम तपासा. उत्तर 1 च्या बरंच वर गेलं तर तो जादा पसारा धरणारं क्वासी-बायनोमियल मॉडेल घ्या. एखाद्या ट्रीटमेंटच्या पाचही प्लॉटमध्ये शून्य भुरी असेल तर साधं मॉडेल अवाढव्य स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) देतं. तिथे फर्थची दुरुस्ती लागते.

द्राक्ष_निफाड:
सरासरीवर केलं. क्यू-क्यू सरळ आला, पण कडेच्या ओळीतल्या एका प्लॉटचा स्टँडर्डाइज्ड रेसिड्युअल (नेहमीच्या पसाऱ्याच्या पटीत मोजलेला) 3.1 आहे, म्हणजे बराच मोठा. काढून टाकू?

संख्या_गंगापूररोड:
तेवढ्यावरून नाही. आधी त्या प्लॉटचे 50 आकडे वहीशी ताडून बघा. 17.2 मिलिमीटरच्या जागी 1.72 पडलं असेल तर ते दुरुस्त करा. नोंद बरोबर निघाली तर प्लॉट ठेवा, त्याच्यासह आणि त्याच्याविना असे दोन्ही निकाल काढा आणि दोन्ही अहवालात द्या.