होम्सच्या भूमिकेने जेरेमी ब्रेट यांना गिळले, असे म्हणणे योग्य आहे का?

निशिगंध

ग्रॅनाडा टेलिव्हिजनने आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीसाठी १९८४ ते १९९४ या काळात केलेली शेरलॉक होम्सची मालिका मी गेल्या दोन महिन्यांत, क्रम न मोडता, पुन्हा पाहिली. एकूण ४१ भाग. पहिल्या वेळी मी कथा पाहिल्या होत्या. या वेळी मात्र लक्ष सारखे होम्स झालेल्या जेरेमी ब्रेट यांच्या चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे जात राहिले. ‘द रेड-हेडेड लीग’मध्ये कोचाच्या पाठीवरून अलगद उडी मारणारा पन्नाशीचा सडपातळ माणूस आणि शेवटच्या भागांमधला, चेहरा सुजलेला, वाक्य पुरे होण्याआधीच दम लागणारा माणूस, यांच्यात जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे, हे डोळ्यांना पटत नाही.

माझे मत अनेकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. ही भूमिका ब्रेट यांच्याकडे गेली हे प्रेक्षकांचे भाग्य होते, त्यांचे स्वतःचे नव्हे; आणि १९८८ नंतर ही मालिका थांबवायला हवी होती.

होम्सच्या आधीची त्यांची वाटचाल पाहा. जन्म ३ नोव्हेंबर १९३३ चा, वॉरिकशायरमधला. खरे आडनाव हगिन्स. वडील लष्करात कर्नल आणि आई कॅडबरी चॉकलेटवाल्या घराण्यातली. नट व्हायचे तर घराण्याचे नाव लावायचे नाही, असे वडिलांनी बजावल्यावर त्यांनी आपल्या पहिल्या सुटाच्या लेबलावरून ‘ब्रेट’ हे नाव उचलले. (कपड्यावरचे लेबल वाचून स्वतःचे आडनाव ठरवणाऱ्या माणसाने पुढे होम्स करावा, हे मला फार आवडते.) जन्मजात दोषामुळे ‘र’ नीट उमटत नसे, त्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि पुढे उच्चारांचा सराव त्यांनी आयुष्यभर चालू ठेवला. ऑलिव्हिए यांच्या नॅशनल थिएटरमध्ये शेक्सपिअर, ‘माय फेअर लेडी’मधला फ्रेडी, बीबीसीच्या १९७९ च्या ‘रिबेका’मधला मॅक्सिम डी विंटर, अमेरिकेतल्या रंगमंचावर ड्रॅक्युला, इतकेच काय, १९८० मध्ये लॉस एंजेलिसला चार्लटन हेस्टन यांच्या होम्ससमोर त्यांनी त्याचा सोबती वॉटसनही केला होता. एवढा पल्ला असलेल्या नटाच्या नावावर १९८४ नंतर होम्सखेरीज सांगण्यासारखे फारसे काही नाही. १९८८ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडमध्ये रंगमंचावर उतरले, तेही होम्स म्हणूनच.

ते स्वतः म्हणत, की नटाने स्पंजासारखे आधी स्वतःला कोरडे पिळून काढावे आणि मग पात्र शोषून घ्यावे. जुलै १९८५ मध्ये त्यांची पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली. त्यानंतर ते पुन्हा होम्सकडे वळले आणि १९८६ मध्ये त्यांना मनोविकारावरील उपचारांसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. अशा माणसाला आणखी आठ वर्षे त्याच काळ्या कोटात उभे करणे मला तरी माणुसकीचे वाटत नाही.

तर्कट

आपले निरीक्षण बारकाईचे आहे. निष्कर्ष मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि तो निरुपद्रवीही वाटत नाही.

ब्रेट यांना उन्माद आणि अवसाद आलटून पालटून येणारा आजार होता. हा आजार भूमिकेमुळे होत नाही. लहानपणी झालेल्या संधिवाताच्या तापाने त्यांच्या हृदयाच्या झडपा आधीच खराब झाल्या होत्या, त्यात सिगारेटचे जबर व्यसन. मनोविकारासाठी लिथियम हे औषध सुरू झाल्यावर शरीरात पाणी साठू लागले आणि वजन वाढले. पडद्यावर दिसणारी सूज ती हीच. १२ सप्टेंबर १९९५ रोजी ते गेले ते हृदय बंद पडल्याने. या सगळ्यात होम्सचा हात नेमका कोठे आहे? पत्नीच्या मृत्यूने कोसळलेला माणूस चिटणीस असता तरी कोसळला असता. फक्त त्या चिटणिसावर कोणी ‘हिशेबाच्या वहीने त्याला गिळले’ असे लिहिले नसते.

प्रतिभेची किंमत वेडाने मोजावी लागते, ही कल्पना आपल्याला नाटकी म्हणून भावते. पण तिच्यामुळे एका आजाराचे गूढ होते आणि गूढावर औषध नसते. स्वतः ब्रेट यांनी शेवटच्या वर्षी आपल्या आजाराविषयी बीबीसी रेडिओवरून उघडपणे बोलून रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरिता मदतीचे आवाहन केले, तेव्हा आजाराला त्यांनी आजारच म्हटले.

राहिला स्पंजाचा मुद्दा. आयटीव्हीवरच डेव्हिड सुशे यांनी १९८९ ते २०१३ अशी २५ वर्षे आणि ७० भाग अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो केला. पात्राच्या लकबींची क्रमांक घातलेली लांबलचक यादी त्यांनी जवळ बाळगली होती आणि चित्रीकरणाच्या दिवशी ते मधल्या वेळेतही प्वारोच्याच बोलीत राहत. पात्रात इतके बुडालेले सुशे ठणठणीत राहिले. मग दोष बुडण्याचा म्हणावा का?

जुना प्रेक्षक

१९८८ नंतर थांबायला हवे होते याच्याशी मी सहमत आहे, परंतु कारण ब्रेट यांची प्रकृती नव्हे. ‘मोर्स’ ही दोन-दोन तासांच्या भागांची पोलिसी मालिका गाजल्यावर आयटीव्हीला होम्सही दोन तासांचा हवा झाला आणि वीस पानांच्या कथांमध्ये पाणी घालण्यात आले. १९९३ चे ‘द लास्ट व्हॅम्पायर’ आणि ‘द एलिजिबल बॅचलर’ पाहताना मूळ कथा कोठे आहे हे होम्सलाच शोधायला सांगावे लागेल. सुरुवातीला निर्माते मायकेल कॉक्स यांनी होम्सच्या सवयी, कपडे, तंबाखू यांची ७७ पानांची टिपणवही तयार करून घेतली होती आणि ब्रेट मूळ कथांची प्रत हाती धरून संवादांच्या शब्दाशब्दासाठी भांडत असत. त्या भांडणांचे पहिल्या भागांत चीज झाले. नंतर पटकथेत भांडण्याजोगे मूळचे शब्दच उरले नाहीत.

निशिगंध

तर्कट, आजाराचे कारण भूमिका नव्हे हे मी मान्य करते; ‘गिळले’ हा शब्द मी सैलपणे वापरला. परंतु मूळ प्रश्न तसाच राहतो. आजारी माणसाकडून काम करून घेणाऱ्यांची काही जबाबदारी असते की नाही? ‘द मॅझरिन स्टोन’च्या वेळी ब्रेट काम करण्याच्या अवस्थेतच नव्हते, म्हणून त्या भागाचा बहुतेक भार होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट झालेल्या चार्ल्स ग्रे यांच्यावर टाकून वेळ निभावून नेली गेली. नायकाविना भाग उरकण्याची पाळी येते तेव्हा थांबण्याची वेळ टळून गेलेली असते, असे मला वाटते. सुशे यांचे उदाहरण माझ्याच बाजूने आहे: ते सुदृढ होते म्हणून बुडी मारून वर येऊ शकले. ब्रेट होम्सचे नावही घेईनासे झाले, ‘तो’ किंवा ‘तुम्हाला माहीत आहे तो’ असे म्हणू लागले, हे मला साधे वाटत नाही.

मखमली पडदा

मी हौशी रंगभूमीवर तीस वर्षे काम केले आहे, त्यामुळे एक गोष्ट नटाच्या बाजूने सांगतो. नावाने न हाक मारणे ही भीती असू शकते, तसे ते अंतर राखण्याचे साधनही असू शकते. ब्रेट यांना होम्स आवडत नसे. चंद्राच्या अंधाऱ्या बाजूसारखा माणूस, असे ते त्याच्याविषयी म्हणत. म्हणून त्यांनी त्याला बालपण दिले: कांजी केलेल्या कडक कपड्यांतली दाई आणि क्वचितच दिसणारे आईवडील. हे कथांमध्ये नाही, पण होम्स माणसाला स्पर्श झाला की किंचित दचकतो, ते या बालपणातून आले आहे. ज्याला पात्र गिळते तो असे शिवणकाम करत बसत नाही.

‘द डेव्हिल्स फूट’ (१९८८) पाहावे. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर होम्स कोकेनची सुई वाळूत पुरतो. हे मूळ कथेत नाही. मालिका पाहणाऱ्या मुलांचा विचार मनात आल्याने ब्रेट यांनी होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांच्या कन्येची परवानगी घेऊन ते घातले. त्याच भागात विषारी धुरातून शुद्धीवर येताना होम्स वॉटसनला ‘जॉन!’ अशी हाक मारतो. आयुष्यभर ‘वॉटसन’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी ते नाव ऐकले की अंगावर काटा येतो, आणि ती कल्पनाही ब्रेट यांचीच. पत्नी जाऊन तीन वर्षेही झाली नव्हती, रुग्णालयाची वारी होऊन गेली होती, केस बारीक कापलेले होते, आणि तरीही हा माणूस पात्राला व्यसन सोडायला लावत होता. येथे कोण कोणाला गिळते आहे?

थांबवण्याविषयी म्हणाल तर, बुकिंग रद्द करणे हे दर वेळी नटावर उपकार करणे नसते. घरी बसवलेले नट मी पाहिले आहेत.

जुना प्रेक्षक

वॉटसनचा उल्लेख झाला म्हणून एवढेच जोडतो, की आधीचे वॉटसन डेव्हिड बर्क रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेल्यावर १९८६ पासून एडवर्ड हार्डविक आले आणि उत्तरार्धात ब्रेट यांना सावरून धरण्याचे काम त्यांनी पडद्यावर आणि पडद्याबाहेर केले. मालिकेच्या शेवटच्या वर्षांत होम्सपेक्षा वॉटसनच्या चेहऱ्याकडे पाहावे. त्यातली काळजी अभिनयाची आहे असे मला कधीच वाटले नाही.

तर्कट

निशिगंध, जबाबदारीचा प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर निर्मात्यांची बाजू घेण्याची माझी इच्छा नाही. परंतु आपण ‘थांबवायला हवे होते’ म्हणता तेव्हा निर्णयातून ब्रेट यांनाच वगळता. साठही न गाठलेला, पूर्ण शुद्धीवर असलेला, कॉनन डॉयलच्या सगळ्या ६० कथा पूर्ण कराव्यात अशी उमेद बाळगणारा माणूस होता तो. ती उमेद पुरी झाली नाही. आजारी माणसाला काय झेपते हे त्याच्या वतीने इतरांनी ठरवणे, हेही माणुसकीचे नाव घेऊन होत असते. कृपया एकदा एप्रिल १९९४ मध्ये दाखवलेल्या ‘द कार्डबोर्ड बॉक्स’ची शेवटची दोन मिनिटे पुन्हा पाहा, आणि मग १९८८ वर ठाम राहा.

निशिगंध

काल रात्री पाहिली. खुनाचा उलगडा झाला आहे, पण होम्सच्या चेहऱ्यावर विजय नाही. दुःख, हिंसा आणि भीती यांच्या या फेऱ्याचा हेतू काय, असे तो वॉटसनला विचारतो. शब्द कॉनन डॉयलचेच आहेत, मी ते मराठी अनुवादात शाळेत असताना वाचले होते आणि तेव्हा ते पान उलटून पुढे गेले होते. ब्रेट ते कोणताही आविर्भाव न करता, सावकाश म्हणतात. पहिल्या भागांमधले हाताचे झटके, एकदम फुटणारे हसू, यातले काही नाही. १९८४ चे ब्रेट हे वाक्य असे म्हणू शकले नसते.

‘मॅझरिन स्टोन’ आणि १९९३ चे दोन भाग होऊ नयेत असे माझे मत अजूनही आहे. हा भाग त्यातून वगळते.