मदत हवी आहे: बाबांच्या वहीतली मिग-21 ची गन

नमस्कार मंडळी,

माझे बाबा सत्तरच्या दशकात वायुसेनेत आर्मामेंट फिटर, म्हणजे विमानाची शस्त्रं सांभाळणारे, होते. घरी त्याबद्दल कधी फारसं बोलले नाहीत. 26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला मिग-21 ला निरोप दिला, तो टीव्हीवर बघता बघता उठले आणि ट्रंकेतून एक वही काढून माझ्या हातात दिली. काम शिकताना स्वतःसाठी उतरवलेल्या नोंदी आहेत. मला त्या नीट लिहून काढायच्या आहेत.

बाबांना आता ऐकू फार कमी येतं. मी प्रश्न पाटीवर लिहिते, ते हातांनी दाखवतात. जीएसएच-23, म्हणजे मिग-21 ची गन, तिला दोन नळ्या. त्यांनी टेबलावर दोन मुठी शेजारी ठेवल्या, एक मागे गेली की दुसरी पुढे. एका नळीतल्या बाराच्या वायूवर दुसरीचं काम चालतं, म्हणून मिनिटाला 3000 च्या वर मारा. 200 गोळ्या चार सेकंदांत संपतात! एवढ्या धगीत नळी आधी झिजते ती चेंबरच्या लगेच पुढे. आतल्या खाचा पुसट झाल्या की गोळ्या फाकतात. बाहेरून नळी कोरी करकरीत दिसते, म्हणून दिसण्यावर जायचं नाही, गेज (नळीचं आतलं माप घेणारं साधन) घालायचाच, हे त्यांनी तीनदा बजावलं.

मी अडलेय ते इथे. एका पानावर डावी नळी नापास, उजवीपुढे 'चालेल', आणि खाली लाल शाईत 'दोन्ही बदला'. बाबांना कारण आठवत नाही, आणि त्याचा त्यांना फार त्रास होतोय. नळ्या जोडीनेच बदलायचा नियम होता का?

दुसरं, मिग-21 च्या एफएल या प्रकाराला आत गन नव्हती, पोटाखाली पॉड (गन बसवलेली पेटी) लावायचे. विमान जॅकवर घेऊन पातळीत आणायचं, नळीच्या तोंडात दुर्बीण बसवायची, तिची फुली समोरच्या फळ्यावरच्या खुणेला जुळवायची. हे हार्मनायझेशन पॉड काढून परत लावला की दरवेळी करावं लागे का?

गोपनीय काही नको, जुनी पद्धत कळली तरी पुरे.

आम्ही नाशिकला असतो. या ट्रेडमधलं कुणी जवळपास असेल तर प्लीज घरी या, व्यनि करा. फक्त समोर बसून, सावकाश आणि खालच्या पट्टीत बोलावं लागेल. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत, नातीचासुद्धा नाही.