लास बाम्बास: रस्ता अडवणारे चुकतात की रस्ता लादणारे?

रानवाट
पेरूच्या आपुरिमाक प्रदेशात चार हजार मीटर उंचीवर लास बाम्बास ही तांब्याची खाण आहे. जगातलं साधारण दोन टक्के तांबं इथून निघतं. मालकी चिनी कंपन्यांकडे, त्यात एमएमजीचा वाटा ६२.५ टक्के. २०१६ पासून उत्पादन सुरू आहे आणि दर वर्षा-दोन वर्षांनी तीच बातमी येते: गावकऱ्यांनी ट्रक अडवले.

लोक याला 'विकासविरोध' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. भांडण खाणीपेक्षा रस्त्याचं जास्त आहे. खाणीची आधीची मालक एक्स्ट्राटा ही कंपनी. तिच्या आराखड्यात तांब्याचा गाळ (पाण्यात कालवलेलं तांब्याचं खनिज) नळातून, म्हणजे पाइपलाइनने, एस्पिनार भागात जायचा होता. मग ग्लेनकोर या कंपनीने एक्स्ट्राटा घेतली, चीनने त्या सौद्याच्या मंजुरीसाठी ही खाण विकायची अट घातली (आणि विकत घेतली चिन्यांनीच!). या उलाढालीत नळ रद्द झाला आणि माल शेजारच्या चुंबिविल्कास भागातल्या कच्च्या रस्त्यावरून ट्रकने जाऊ लागला. धूळ ज्यांच्या घरात जाते, त्यांना कोणी विचारलं होतं? सप्टेंबर २०१५ मध्ये आराखड्यातल्या बदलांवरूनच आंदोलन पेटलं आणि गोळीबारात माणसं मेली.

तांबट
नळ म्हणजे गंगाजळ आहे का? अंतामिना ही पेरूचीच, याहून उंचावरची खाण. तिचा गाळ तीनशे किलोमीटर नळातून समुद्रापर्यंत जातो. जुलै २०१२ मध्ये काहाकाय गावाजवळ तो नळ फुटला आणि शंभरावर लोक आजारी पडले. शिवाय गाळ वाहून न्यायला पाणी लागतं. मग त्या पाण्यावरून रास्ता रोको झाला असता, एवढंच.

रानवाट
काहाकायचा मुद्दा मान्य. पण नळ कुठून न्यायचा हे आधी ठरतं, त्यावर सुनावणी होते. ट्रक मात्र एक दिवस दारात येऊन उभे राहिले. पैशाचंही बघा. पेरूत खाणीच्या आयकराचा निम्मा भाग खाण ज्या प्रदेशात आहे त्याच प्रदेशाला मिळतो. खाण आपुरिमाकमध्ये, चुंबिविल्कास कुस्को प्रदेशात. म्हणजे ट्रक यांच्या दारावरून आणि या खाणीच्या कराचा वाटा शेजाऱ्यांना. अडवणार नाहीत तर काय करतील?

ईव्हीवाला
सगळ्यांना इलेक्ट्रिक गाडी हवी, तांबं मात्र कोणी काढू नये. छान.

तांबट
@ईव्हीवाला, तसं कोणीच म्हणालेलं नाही. आधी धागा वाचा.

मेंढकोट
फुएराबांबाबद्दल कोणी बोललंच नाही. खाणीच्या खड्ड्याच्या जागी हे केचुआ या मूळनिवासी लोकांचं गाव होतं. ते उठवून नुएवा फुएराबांबा वसवलं: बहुमजली पक्की घरं, सरळ रस्ते, नळाचं पाणी, वर रोख भरपाई. कागदावर आदर्श पुनर्वसन. पण मेंढ्या आणि बटाटे यांवर जगलेल्या माणसाने तीन मजली घरात करायचं काय? पूर्वी जे शेतातून येत होतं ते विकत घ्यावं लागलं, आणि रोख रक्कम सरतेच.

बदली जमीन म्हणून त्यांना चुंबिविल्कासमधलं यावी यावी हे शेत दिलं. गंमत म्हणजे ट्रकचा रस्ता नेमका त्यातूनच गेला. २०१९ मध्ये तिथे दोन महिन्यांहून जास्त नाकेबंदी झाली. जमीन दिली आणि तीच पुन्हा वापरली!

तांबट
आणि एप्रिल २०२२ मध्ये हेच लोक थेट खाणीच्या आवारात तंबू ठोकून बसले. पन्नासहून जास्त दिवस काम बंद! भरपाई घेऊन झाल्यावर. प्रत्येक आंदोलनानंतर नवा करार, करारानंतर पुढचं गाव रस्त्यावर. कंपनीने स्वतःच शिकवलंय की ट्रक अडवला की टेबल मांडलं जातं. सहानुभूती मलाही आहे, पण अशाने कामगारांचे रोजगार आणि सरकारचा महसूल लटकतो.

मेंढकोट
त्यांचं म्हणणं होतं की पुनर्वसनाची आश्वासनं पुरी झाली नाहीत. जमीन कायमची गेली आणि पैसे एकदाच मिळाले, तर माणूस परत येणारच.

रानवाट
@तांबट, ट्रक अडवल्याशिवाय टेबल मांडलं जात नसेल, तर तो धडा कंपनीचा. आता तुम्ही सांगा, नाकेबंदी सोडून चुंबिविल्कासच्या माणसाकडे दुसरं कोणतं हत्यार आहे?

तांबट
कराचा कायदा बदलून घेणं. रस्त्यावरच्या जिल्ह्यांनाही वाटा, हे राजधानी लिमामध्ये बसून ठरेल. यावी यावीत नाही.

मेंढकोट
लिमाला ऐकू जाण्यासाठीच तर यावी यावीत बसतात हो.