शब्दचर्चा: दाटी, गर्दी आणि वाळवंटातला एकांत

खुंटीदोरी: कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या तंबूतळांवर लेख लिहिते आहे. तिकडचे अभ्यासक 'डेन्सिटी' आणि 'क्राउडिंग' वेगळं मानतात. मराठीत दोन्हींना 'गर्दी' म्हटलं की घोळ होतो. आणि 'सॉलिट्यूड'ला 'एकटेपणा' चालेल का?

निवडुंग: एकटेपणा नको, त्यात सोबत नसल्याची खंत आहे. 'एकांत' घ्या. 'जरा एकांतात बोलायचंय' म्हणतो तेव्हा माणसं निदान दोन असतातच. तंबूवाल्यांनाही तेच हवं असतं: आपली चार माणसं असावीत, परक्यांचे डोळे-कान नसावेत.

मोजपट्टी: डेन्सिटी म्हणजे 'दाटी', ती मोजता येते. जम्बो रॉक्स तळावर 124 जागा. एका जागेवर जास्तीत जास्त 6 माणसं, 3 तंबू, 2 गाड्या. तळ पुरता भरला तर 744 माणसं. क्राउडिंगला नवं नाम कशाला घडवायचं? 'गर्दी असणे' आणि 'गर्दी वाटणे', क्रियापदावरच भागतं.

खुंटीदोरी: पण दाटी तेवढीच असून एका जागेवर गर्दी वाटते, शेजारच्या जागेवर नाही, ते कशामुळे?

निवडुंग: आडोशामुळे. हा शब्द लेखात आणाच. वाळवंटात झुडपं विरळ, त्यामुळे डोक्यावरच्या बॅटरीचा उजेडही लांबून डोळ्यांत येतो. रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर बसतो आणि वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. दूरच्या तंबूतलं बोलणं कानाशी ऐकू येतं ते त्यामुळे. मध्ये ग्रॅनाइटची मोठी शिळा असली की उजेड पूर्ण अडतो, आवाज बराचसा. नियम आहेत: रात्री 10 ते सकाळी 6 शांतता, जनरेटर फक्त सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2, संध्याकाळी 5 ते 7. पण त्यांनी मिळते ती शांतता. शेजारचा कंदील रात्रभर दिसत राहिला तर एकांत कुठला?

मोजपट्टी: माणूस कशासाठी आलाय तेही बघा. तिथल्याच हिडन व्हॅली तळावर 44 जागा, आगाऊ नोंदणी नाही, प्रस्तरारोहकांचा अड्डा. त्यांना सोबती हवेच असतात. त्याच दाटीला ते गर्दी म्हणणार नाहीत. आपल्याकडे 'आसपास जाग आहे' म्हणतात, तसं.

खुंटीदोरी: आणि तळ सोडून आत, रानात मुक्काम केला तर? 'निर्जन' लिहू?

निवडुंग: जपून. अमेरिकेचा 1964 चा वन्यप्रदेश कायदा एकांताची 'संधी' म्हणतो, वाटेत कोणी भेटणारच नाही असं नव्हे. 'शुकशुकाट' तर नकोच. माणसं असायला हवी होती तिथं नसली की तो शब्द.

मोजपट्टी: लेखात पाण्याचा हिशेबही द्या. आत पाणी मिळत नाही. माणशी दिवसाला किमान 4 लिटर, म्हणजे दोघांना तीन दिवसांचे 24 लिटर. तेवढेच किलो पाठीवर. बरेचजण तळावरची दाटी पत्करतात ती या वजनामुळेही.