तिरफळ : स्वयंपाकातले आणि औषधातले अनुभव

कोकण, गोवा आणि कारवारच्या पट्ट्याबाहेर तिरफळ हे सुगंधी मसाल्याचे फळ फारसे वापरले जात नाही. आपल्या घरी ते कशात घालतात, कसे साठवतात आणि कोणत्या दुखण्यावर वापरतात, हे अनुभव जाणकारांनी सविस्तर लिहावेत.

मालवण
तिरफळावाचून आमच्याकडे बांगड्याचे तिखले होत नाही. वाळलेले फळ उकलले की आतली काळी, चकचकीत बी काढून टाकावी लागते, कारण ती दाताखाली वाळूसारखी कचकचते आणि सुगंध सगळा टरफलातल्या तेलात असतो. ही टरफले वाटणात बारीक वाटू नयेत, असे माझे ठाम मत आहे. थोड्या पाण्यात ठेचून, मासे सोडण्याच्या सुमारास ती पाण्यासकट घातली, तर कालवणाला कडवटपणा येत नाही आणि लिंबाच्या कुळातल्या या झाडाचा मूळ वास टिकतो. बांगडा, तारली, पेडवे या उग्र, तेलकट मासळीलाच तिरफळ शोभते. पापलेटाची नाजूक चव मात्र त्याने झाकली जाते.

फोंडा
आमच्या घरी तेफळांचा, म्हणजे तिरफळांचा, खरा मान खतखत्याला आहे. सणासुदीच्या या पदार्थात कांदा-लसूण नसल्यामुळे तूरडाळ, नारळ आणि अनेक भाज्यांना एकत्र बांधणारा वास तेफळांकडूनच येतो. पावसाळ्याच्या अखेरीस मिळणारी ओली, हिरवी फळे आम्ही मिठात घालून ठेवतो आणि वर्षभर पुरवतो.

सावंतवाडी
दाढ दुखू लागली की आजी तिरफळाचे टरफल दाढेखाली धरायला सांगत असे. थोड्याच वेळात जिभेला झिणझिण्या येत आणि तो भाग बधिर होऊन ठणका सुसह्य होई. या प्रजातीच्या झाडांत आढळणाऱ्या सॅनशूल नावाच्या घटकांमुळे हा बधिरपणा येतो. मात्र त्याने कीड बरी होत नाही. ठणका थांबला म्हणून दंतवैद्याकडे जाणे लांबवू नये, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

टोरांटो
येथे तिरफळ सहजी मिळत नाही, म्हणून मी चिनी दुकानातली सिचुआन मिरी आणते. ती तिरफळाच्याच गोत्रातली, पण आकाराने लहान असून जीभ अधिक बधिर करते, त्यामुळे आमटीत बेतानेच घालते. तिखल्यासाठी मात्र गावाहून आलेली टरफले घट्ट झाकणाच्या बरणीत राखून ठेवते.