राजीनामा घेऊन ठेकेदाराकडं पाठवतायत, सही करू का?

भोसरीकर
भोसरी एमआयडीसीत व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे, ११ वर्षं पर्मनंट. दुचाकीच्या कनेक्टिंग रॉडचं मशिनिंग करतो. इलेक्ट्रिक स्कूटरला ना पिस्टन लागतो ना कनेक्टिंग रॉड, त्यामुळं जेवायला बसलं की हाच विषय. दिवाळीनंतर तिसरी पाळी बंद झाली. आता एचआर एकेकाला आत बोलावून कागद पुढं करतोय: ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’ लिहा, एक तारखेपासून ठेकेदाराच्या नावावर त्याच मशीनवर या. पगार तोच म्हणतात, पण तोंडी. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी दहावीला. रात्री झोप लागत नाही. काय करू?

जुना फिटर
दादा, सही करू नका. काम नाही म्हणून कंपनीनं काढलं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावी लागते. तुमची साडेपाच महिन्यांची भरपाई होते. ‘वैयक्तिक कारण’ लिहिलंत की तिच्यावर पाणी. ग्रॅच्युइटी राजीनाम्यातही मिळते, तुमची पाच वर्षं कधीच झाली. पण ठेकेदाराकडं सर्व्हिस पुन्हा शून्यापासून.

भोसरीकर
एचआर म्हणतो, नवीन कायद्यात कामगार काढायला कंपनीला सरकारची परवानगी लागत नाही आणि ठेकेदाराकडं वर्षभरातच ग्रॅच्युइटी बसते.

युनियनवाला
अर्धंच सांगतायत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू आहेत. सरकारची परवानगी लागायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली, हे खरं. पण परवानगी नको म्हणजे भरपाई नको असं नाही. वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळते ती मुदतीच्या नेमणुकीवर, फिक्स्ड टर्म म्हणतात ती. ठेकेदाराकडं गेलं की आपोआप मिळत नाही. नेमणूकपत्र लेखी मागा, बघा देतात का.
आणि एकट्यानं आत जाऊ नका. एकेकाला बोलावतात ते उगाच नाही. सगळ्यांनी मिळून अर्ज द्या, ‘आम्ही राजीनामा देत नाही, कामावर हजर आहोत’, पोच घ्या. घेतला नाही तर स्पीड पोस्टनं पाठवा. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, पीएफचं पासबुक यांचे फोटो घरी ठेवा. गेटवर अडवलं तर त्याच दिवशी कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.

भोसरीकर
उद्या पहिल्या पाळीला सगळ्यांशी बोलतो. दोघांनी कालच सही केलीय. त्यांचं काय?

युनियनवाला
राजीनामा मंजूर व्हायच्या आत मागं घेता येतो. दबावाखाली सही घेतली हे स्पष्ट लिहून आजच द्या, उद्यावर ढकलू नका.