नसबंदीनंतरचे तीन महिने

काही लोकांना वाटतं की पुरुष नसबंदी केली की त्याच दिवसापासून निर्धास्त. हे मात्र चूक आहे आणि यातच लोक फसतात. शुक्राणू वाहून नेणारी नळी कापली तरी कापलेल्या जागेच्या पुढच्या भागात आधीचे शुक्राणू शिल्लक असतातच, ते निघून जायला साधारण 3 महिने लागतात, तोवर कंडोम किंवा दुसरं काहीतरी वापरायचंच, आणि मग वीर्य तपासून शुक्राणू नाहीत असा रिपोर्ट हातात आला की मगच सुटलो म्हणायचं. मी स्वतः बिनटाक्याची करून घेतली, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, अर्ध्या तासात बाहेर, त्याच दिवशी घरी. पण तपासणीचं मला धड कोणी सांगितलं नव्हतं, बायकोनेच कागद वाचून आठवण केली.

बाकी ते 'कमजोरी येते' वगैरे म्हणणाऱ्यांसाठी: पुरुषी हार्मोन नळीतून नाही, रक्तातून जातं, त्यामुळे त्यात काही फरक पडत नाही. वीर्यातही शुक्राणूंचा वाटा अगदीच थोडा, बाकीचं सगळं पुढच्या ग्रंथींमधून येतं, म्हणजे बघून तर काही कळतच नाही. बायकांच्या ऑपरेशनला पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण घालावी लागते, तरी आपल्याकडे रांगेत त्याच पुढे!